मुकीं घरें आणि गाण्याच्या आठवणी

लहानपणीं ऐकलेल्या गाण्यांविषयीं आणि रोजच्या बारीकसारीक सुखांविषयीं लिहिण्याची आपल्याकडे अलीकडे एक रीतच पडून गेली आहे. पहिल्या पावसाचा वास, सकाळचा आल्याचा चहा, दुपारच्या झोपेंतून उठल्यावर कोठून तरी ऐकूं येणारें जुनें गाणें, आजीची ओवी, आजोबांचा रेडिओ, देवळांतील काकडआरती, अशी एक यादी ठरून गेलेली आहे. आणि दिवाळी अंकांपासून कौटुंबिक मेळाव्यांतील भाषणांपर्यंत जेथें म्हणून शिक्षित मंडळी मनमोकळें बोलूं लागतात, तेथें तेथें ही यादी थोड्याफार फरकानें आपल्यापुढें येते. लिहिणाराचा कंठ दाटून येतो, वाचणाराचेही डोळे पाणावतात. उभयतां एकमेकांस मनोमन धन्यवाद देतात, आणि मग घरांतील दिवा मालवून निमूटपणें निजतात. त्या घरांत त्या दिवशीं कोणी एक ओळ तरी गायिली काय, असा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. तोच प्रश्न विचारण्यासाठीं हा लेख आहे. त्याचें उत्तर बहुतेक घरांत 'नाहीं' असें येणार, अशी आमची खात्री असल्यामुळें लेखाचा सूर कांहींसा कडक लागला, तर वाचकांनीं क्षमा करावी.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. बालपणच्या संगीताच्या आठवणींत आपण ज्या सुखासाठीं हळहळतों, तें केवळ गाणें ऐकण्याचें सुख नव्हतें. आपल्या जवळचें माणूस, आपलें काम करीत असतां, कोणी ऐकावें अशी अपेक्षाही न धरतां गात होतें, त्या सान्निध्याचें तें सुख होतें. तें सुख देण्याची पाळी आतां आपली आहे, आणि आपण तोंड मिटून बसलों आहों. जी वस्तु आपल्या मुलांस देण्याचें आपण नाकारलें, तिच्याच विरहाचीं वर्णनें लिहून वाहवा मिळविणें यांत प्रामाणिकपणा नाहीं.

हें सांगण्याचा अधिकार आम्हांस काय, असें कोणी विचारील. म्हणून प्रथम आमचीच हकीकत सांगतों. आमचें बालपण पुसेगांवीं गेलें. पुसेगांव म्हणतांच सेवागिरी महाराजांच्या यात्रेचें सातारा जिल्ह्यांतील गांव वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आमचें पुसेगांव तें नव्हे. मराठवाड्यांत, आज ज्याला हिंगोली जिल्हा म्हणतात त्याच्या सेनगांव तालुक्यांतील तें गांव. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दहा वर्षांत, हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यांत मोडत असे. हिंगोलीचा जिल्हा १ मे १९९९ रोजीं निराळा झाला. ज्वारी, तूर आणि कापूस पिकविणारें, बाहेरच्या जगास फारसें ठाऊक नसलेलें असें तें गांव. तेथें संगीताची मैफल म्हणून आम्हीं कधीं पाहिली नाहीं. परंतु गाण्यावांचून गेलेला दिवसही आम्हांस आठवत नाहीं.

पहाटे प्रथम जात्याची घरघर कानीं येई आणि तिच्या पाठोपाठ ओवी. कार्तिकांत देवळांत काकडा असे. थंडीनें कुडकुडत, उपरण्यांत हात गुंडाळून बसलेली मंडळी पहिला अभंग घोगऱ्या आवाजांत म्हणत आणि तिसऱ्या अभंगापर्यंत त्यांचे गळे मोकळे होत. सुगीनंतर मोरपिसांची टोपी घालून वासुदेव येई. श्रावणांत नागपंचमीला झाडांना झोके बांधले जात आणि लेकी-सुना फेर धरीत. पोळ्याच्या दिवशीं बैल तोरणाखालीं उभे राहिले कीं झडत्यांना ऊत येई. एका बाजूनें झडती म्हणावी आणि दुसऱ्या बाजूनें तिला तोडीस तोड उत्तर द्यावें. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणत घरोघर फिरत, आणि गाण्यांपेक्षां शेवटीं मिळणाऱ्या खिरापतीकडे आम्हां मुलग्यांचें लक्ष अधिक असे. विहिरीवर मोट चालवणारा गडी बैलांशीं जें बोले, तें बोलणें होतें कीं गाणें होतें हें आम्हांस आजतागायत ठरवितां आलेलें नाहीं. या सर्व मंडळींत कोणाचीही 'गायक' म्हणून ख्याति नव्हती. कित्येकांचे गळे खरोखरच वाईट होते. आमच्या शेजारचे एक गृहस्थ भजनांत असा कांहीं सूर लावीत कीं पखवाजवाल्यानें एकदां डोळे मिटून देवाकडेच पाहिलें! पण त्यांस थांबावयास कोणी सांगितलें नाहीं. गाणें ही माणसाला येणारी गोष्ट आहे, जशी चालणें आणि बोलणें येतें तशी, अशीच तेथें सर्वांची समजूत होती.

आमच्या मातोश्री जात्यावर बसत. त्यांस आम्ही माय म्हणत असूं. गांवांत पिठाची गिरणी आल्यावर रोजचें दळण बंद झालें. परंतु तूर-मूग भरडणें, लग्नकार्यांत हळद दळणें, हीं कामें घरच्या जात्यावरच चालत आणि त्यांबरोबर ओवीही चाले. पुढें आम्ही शिक्षणासाठीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास गेलों. एका सुटींत शहरांत वाढलेले दोन सहाध्यायी आमच्याबरोबर गांवीं आले. दुसऱ्या दिवशीं पहाटे माय तूर भरडावयास बसली आणि नेहमींप्रमाणें गाऊं लागली. तिच्या ओवींत आमचें नांव होतें. शिकावयास गेलेल्या लेकाची ओवी होती ती. अंथरुणांत पडल्या पडल्या आमचे मित्र एकमेकांकडे पाहून हंसले. तें हंसणें दुष्टपणाचें होतें असेंही नाहीं. परंतु आमच्या कानशिलांस ऊन लागलें. आम्ही उठून स्वयंपाकघरांत गेलों आणि म्हणालों, "माय, जरा हळू. पाहुणे झोपलेत." ती गप्प झाली. जात्याची घरघर तेवढी चालूं राहिली. त्यानंतर आमच्या समक्ष ती कधीं गायिली नाहीं. आणि ती गात नाहीं, हें आमच्या लक्षांत यावयासही कित्येक वर्षें जावीं लागलीं.

ही हकीकत आम्ही आत्मनिंदेच्या हौसेनें सांगितलेली नाहीं. महाराष्ट्रांतील शेंकडों शिकलेल्या घरांत असेंच कांहीं तरी घडलेलें आहे, अशी आमची समजूत आहे. घरें मुकीं झालीं याचा दोष आपण गिरणीवर, रेडिओवर, सिनेमावर आणि आतां मोबाइलवर ढकलतों. पण आमच्या घरांतील गाणें गिरणीनें बंद केलें नाहीं. तें आम्हीं बंद केलें, शिकलेल्या मुलाच्या लाजेनें बंद केलें. जुन्या गाण्याच्या आठवणींनीं सद्गदित होणारा वर्ग आणि तें गाणें लाजिरवाणें ठरविणारा वर्ग हे दोन वेगळे वर्ग नाहींत.

आतां आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील, त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप मोठा वजनदार आहे. जात्यावरच्या ओवीचें कौतुक करणारे लोक जात्याचे कष्ट विसरतात, असें पुष्कळ विचारी स्त्रिया म्हणतात आणि तें सर्वस्वीं खरें आहे. रात्र सरण्यापूर्वीं उठून, दिवसाच्या शेतकामाआधीं घरादाराचें पीठ काढणें हा छंद नव्हता, जुलूम होता. ओव्यांत भावाची वाट पाहणें आहे आणि विठ्ठल आहे, तसा सासुरवासही आहे, न बोलतां येणाऱ्या गोष्टी जात्याला सांगणें आहे. गिरणी आली हें चांगलें झालें. जातें परत आणा असें म्हणणाऱ्यास आम्ही प्रथम महिनाभर त्यावर बसवूं आणि मग त्याचें मत विचारूं. वासुदेवाची गोष्टही हीच. त्याचा पहाटेचा सूर आपल्याला गोड लागे, पण तो सुपांतल्या पसाभर धान्यासाठीं दारोदार हिंडत होता. त्याच्या मुलानें टोपी खुंटीला लावून शाळेची वाट धरली असेल, तर त्याचें अभिनंदनच केलें पाहिजे. आपल्या आठवणींची हौस फिटावी म्हणून त्यानें मोरपिसें घालून फिरत राहावें, अशी अपेक्षा धरणें निर्दयपणाचें आहे.

परंतु हा आक्षेप मान्य केल्यावर जें निष्पन्न होतें, त्याकडे आठवणी लिहिणारांनीं नीट पाहावें. त्यांच्या यादींत गातें कोण? आजी गाते, आई गाते, मोलकरीण गाते, वासुदेव गातो, गोंधळी गातो, गडी गातो. लिहिणारा स्वतः कोठेंच गात नाहीं! तो ऐकतो, आणि पुढें ऐकल्याचें स्मरण करतो. गाण्याचें काम कष्टकरी स्त्रियांनीं आणि भिक्षेकऱ्यांनीं करावें आणि रसास्वादाचें काम आम्हीं करावें, अशी ही वांटणी आहे. ज्यांच्याकडून ती सेवा घेतली त्यांनीं ती सोडून दिली यांत त्यांची सुटका आहे. मग गाणें हवें असेल तर तें आतां कोणीं गावें? ज्याला हवें त्यानें. याहून साधा हिशेब दुसरा नाहीं; पण नेमका हाच हिशेब टाळण्यासाठीं आठवणींचा एवढा प्रपंच केला जातो.

ओवी ही कष्टांबरोबर आली म्हणून कष्टांबरोबर जाणारच, असें समजणेंही इतिहासास धरून नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकांतील ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. म्हणजे मुसळापासून जात्यापर्यंत ओवी तेव्हांच पसरली होती किंवा पुढें पसरली. ज्ञानेश्वरांनीं १२९० सालीं गीतेचा अर्थ सांगावयास घेतला तेव्हां ओवीचाच छंद पत्करला. आमच्या शेजारच्या गंगाखेडची जनाबाई दळतां-कांडतां विठ्ठलाला हांक मारते, आणि पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचें म्हणून एक जातें अजून दाखवितात. उखळ, जातें, पाळणा, पोथी, जेथें जागा मिळाली तेथें ओवी जाऊन बसली. कामें बदललीं तरी ती मेली नाहीं. आमच्याच पिढीपाशीं येऊन तिला बसावयास जागा मिळूं नये, याचें कारण कामांत शोधावयाचें कीं आपल्यांत?

दुसरा आक्षेप रसिकांचा आहे. ते म्हणतात, आज मोठमोठ्या गवयांचें गाणें हव्या त्या क्षणीं ऐकतां येतें. मग घरच्या माणसांचें बेसूर रडगाणें कशाला? श्रवणाच्या या सोयीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजीं गीतरामायण सुरूं झालें. माडगूळकरांचीं तीं छप्पन्न गीतें सुधीर फडक्यांच्या चालींत पुढें आमच्या पुसेगांवापर्यंत पोंचलीं, तीं रेडिओच्याच कृपेनें. आणि रेडिओनें गांवचे गळे बंद केले नाहींत. उलट पारावर ऐकलेली चाल दुसऱ्या दिवशीं आमचे चुलते बैल धूत असतां घोळवीत, आणि शब्द विसरले कीं त्या जागीं बैलांचीं नांवें घालीत. ऐकणें हें तेव्हां गाण्याचें खाद्य होतें. आज तें गाण्याऐवजीं आलें आहे. एका घरांत चार माणसें चार कोपऱ्यांत बसून, कानांत इअरफोनचीं बोंडें खुपसून चार गाणीं ऐकतात, आणि घर स्मशानासारखें शांत असतें. तें ऐकणें उत्तम प्रतीचें असेल, नव्हे, असेलच. पण भीमसेन जोशांच्या मालकंसाचें काम निराळें आणि पाळण्याशीं बसलेल्या बापाच्या गुणगुणण्याचें काम निराळें. पहिला परिपूर्ण असावा लागतो. दुसऱ्यानें हजर असलें म्हणजे पुरे. आईच्या हातची भाकरी थोडी करपली म्हणून कोणी तिला स्वयंपाक सोडावयास सांगत नाहीं. मग आवाज करपला तर एवढी लाज कां?

याच वर्गाचे कित्येक लोक आणखी एक युक्तिवाद करतात, कीं जुनें लोकसंगीत ध्वनिमुद्रित करून ठेवलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें. या कामाचें महत्त्व आम्ही जाणतों. साने गुरुजींनीं ओव्या गोळा केल्या. पुढें १९८० नंतर पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह गांवोगांव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हजारावर गांवांतील बायांचे शब्द, आणि पुष्कळींचे आवाजही, त्यामुळें टिकून राहिले. विद्यापीठांनीं जें करावयाचें तें थोड्या माणसांनीं केलें, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी राहील. तथापि ज्या घरांत माणसें जिवंत आहेत त्या घराचें काम संग्रहालय करूं शकत नाहीं, हें आम्हांस अनुभवानें कळलें.

माय थकल्यावर आमच्याकडे शहरांत राहावयास आली. एके दिवशीं आम्हांस जुन्या आठवणींचा उमाळा आला आणि आम्हीं मोबाइल तिच्या समोर धरून म्हटलें, "माय, ती शिकायला गेलेल्या लेकाची ओवी म्हण ना." ती थोडा वेळ यंत्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "जातं फिरल्याबिगर ववी कशी सुचंल, बापू?" आम्हीं पुष्कळ आग्रह केला. ती हंसली, आणि अगदीं सहज, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजांत म्हणाली, "आन् पाहुने झोपलेत की." पस्तीस वर्षांपूर्वींचें आमचें वाक्य तिनें जसेंच्या तसें परत दिलें. त्या यंत्रांत तेवढेंच एक वाक्य मुद्रित झालेलें आहे. आज माय नाहीं. तिच्या ओव्यांपैकीं आम्हांस दीड ओवी येते. दुसरीचा शेवटचा चरण आठवत नाहीं, आणि तो विचारावयास कोणी उरलेलें नाहीं.

तिसरा आक्षेप पालकांचा. "आमच्या मुलीला गाण्याच्या क्लासला घातलें आहे, तीन परीक्षा झाल्या," असें ते अभिमानानें सांगतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीत कुलीन घरांच्या उंबरठ्याआंत आणलें. त्या काळीं ज्या विद्येस भले लोक दारांत उभे करीत नसत, तिला त्यांनीं देवघराजवळ जागा मिळवून दिली. त्यांच्या शिष्यपरंपरेनें चालविलेल्या परीक्षांस हजारों मुलें बसतात ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु पलुसकरांनीं घरांत आणलेलें गाणें आपण पुन्हां घराबाहेर, क्लासच्या खोलींत नेऊन ठेवलें आहे. शास्त्रीय कलांच्या ठराविक परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांस दहावींत वाढीव गुण देण्याची सोय सरकारनें केल्यापासून तर पुष्कळ घरांत तानपुऱ्याची किंमत गुणांत होऊं लागली. दहावी झाली कीं पेटी पलंगाखालीं जाते. अशा एका मुलीस, घरीं आत्याच्या लग्नांत एक गाणें म्हण, असें सांगितलें असतां, "मला या वर्षाच्या अभ्यासक्रमांतलाच राग येतो," असें उत्तर तिनें दिलेलें आम्हीं ऐकलें आहे. त्यांत त्या बिचारीचा काय दोष? गाणें चुकतें, तपासलें जातें आणि त्याला गुण पडतात, एवढेंच तिला आपण शिकविलें. व्याकरणाच्या परीक्षेंत पहिला आलेला मुलगा घरांत कोणाशीं बोलतच नसेल, तर त्याला भाषा येते असें आपण म्हणूं काय? क्लास जरूर असावा. पण त्या मुलीनें परत घरीं यावें तेव्हां भांडीं लावतां लावतां बाप कांहीं तरी चुकीचें गात असावा, आणि तिनें त्याची चूक काढावी. अशी चूक काढण्याचा आनंद एकदां मिळाला म्हणजे शिकलेलें गाणें तिचें स्वतःचें होईल.

शेवटचा आक्षेप असा कीं, हा सगळा खाजगी किरकोळ सुखांचा विषय आहे. देशापुढें मोठे प्रश्न असतां गुणगुणण्यावर एवढी शाई कां खर्च करावी? हा आक्षेप कोणीं घेतला तरी मराठवाड्यांतील माणसानें घेऊं नये. १९३८ सालीं निझामाच्या राज्यांत औरंगाबादच्या महाविद्यालयांतील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहाच्या प्रार्थनेंत वंदे मातरम् म्हटलें म्हणून त्यांवर बंदी आली; माघार न घेणारीं मुलें विद्यापीठांतून काढलीं गेलीं, आणि त्यांपैकीं कित्येकांनीं नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेऊन शिक्षण पुरें केलें. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हतें. सायंकाळीं एकत्र बसून एक गीत म्हणणें एवढाच त्यांचा अपराध होता. घरांत, देवळांत, शेतांत रोज गाण्याची संवय ज्यांच्या गळ्यांस होती, त्यांच्या तोंडून वेळ येतांच तेंही गीत निघालें. ज्या पिढीस कोणाच्या देखत एक ओळ म्हणावयाची लाज वाटते, तिच्या तोंडून वेळ आली म्हणजे काय निघेल याची आम्हांस चिंता वाटते.

आणि आमचा जिल्हा तर नामदेवांचा. त्यांचें जन्मगांव म्हणून जें पूजिलें जातें तें नर्सी याच हिंगोली जिल्ह्यांत आहे. १२७० सालीं जन्मलेल्या या शिंप्याच्या मुलानें कीर्तन गावाबाहेर, प्रांताबाहेर, थेट पंजाबांतील घुमानपर्यंत नेलें, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं एकसष्ट पदें आजही आदरानें गाइलीं जातात. तीं पदें तेथवर कशीं पोंचलीं? कोणीं तरी तीं ऐकलीं आणि घरीं जाऊन म्हटलीं. त्याच्या मुलानें तीं ऐकलीं आणि पुढें म्हटलीं. मधल्या एखाद्या पिढीनें, "आमचे आजोबा काय सुंदर गात!" एवढें म्हणून डोळे पुसले असते आणि तोंड मिटलें असतें, तर तो धागा तेथेंच तुटता. आपण आज तशी मधली पिढी होऊं पाहत आहों.

मग करावें काय? याकरितां मंडळ स्थापावयास नको, स्पर्धा नकोत, सरकारी अनुदान तर मुळींच नको. ओवी जात्याशिवाय सुचत नाहीं असें माय म्हणाली, त्यांत फार मोठें सत्य आहे: गाणें हातांतल्या कामावर बसतें. आपलें काम आज निराळें आहे, एवढेंच. कणीक मळणें, वाळलेले कपडे घडी करणें, मुलास न्हाऊं घालणें, शनिवारीं माळ्यावरचा पसारा काढणें, हीं आपलीं जातीं आहेत. त्यांवर काय गावें याचा निर्बंध नाहीं. ओवी येत असेल तर ओवी, अभंग येत असेल तर अभंग, नाहीं तर सिनेमांतलें जें आवडतें तें. पुरुषांनीं विशेषेंकरून गावें. कारण शिकलेल्या घरांत प्रथम मुका झाला तो पुरुष, आणि त्यानें मग बाकीच्यांस गप्प केलें. घरांत आई, आजी, मावशी हयात असतील त्यांनीं आज रात्रींच त्यांच्याजवळ बसावें. यंत्र पुढें न करतां, त्यांच्याबरोबर स्वतः म्हणावें, आणि अडलेला चरण विचारून घ्यावा. आम्हीं तो वेळेवर विचारला नाहीं.

आम्ही अलीकडे शेंगा सोलतांना तीच दीड ओवी म्हणतों. आवाज चांगला नाहीं, हें कोणी सांगावयास नको. पहिल्या दिवशीं आमचा नातू दारांत उभा राहून हंसूं लागला, आणि त्याच्याबरोबर खेळावयास आलेले दोन मित्रही हंसले. आमच्या कानशिलांस पुन्हां तसेंच ऊन लागलें. परंतु या खेपेस आम्ही थांबलों नाहीं. ते अजूनही हंसतात. हंसोत बापडे, आम्ही शेंगा सोलतों आणि गातों.